दुर्मीळ अक्षरे, लांब शब्द आणि आपले मौन

इंग्रजी वर्णमालेत अक्षरे २६ असली, तरी सर्वांच्या वाट्याला सारखे काम आलेले नाही. 'ई' हे अक्षर अहोरात्र राबते. क्यू, झेड, एक्स आणि जे ही चार अक्षरे मात्र सणासुदीलाच घराबाहेर पडणाऱ्या वडीलधाऱ्यांसारखी वागतात. स्क्रॅबल या शब्दखेळाने ही दुर्मिळता गुणांत मांडली आहे. त्यात 'ई'ला अवघा १ गुण मिळतो, 'जे' आणि 'एक्स'ला प्रत्येकी ८, तर 'क्यू' आणि 'झेड'ला प्रत्येकी १०. जे क्वचित भेटते त्याचे मोल अधिक, हा बाजाराचाच नियम तेथे लागू होतो.

अलीकडे आपल्या मुलांच्या शब्दलेखन-स्पर्धांत या चार अक्षरांचे लांबलचक शब्द मुद्दाम विचारले जातात. बेळगाव असो, इंदूर असो की बडोदे, आठवी-नववीतील मुलगी व्यासपीठावर उभी राहून १५ अक्षरांचा शब्द न अडखळता सांगते आणि सभागृह टाळ्यांनी दणाणते. या कौतुकात आम्हीही सहभागी आहोत. पाठांतराला आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे एवढेच की शब्दाची अक्षरे पाठ झाली आणि अर्थ व कूळ मात्र अज्ञात राहिले, तर त्या शब्दाचा धाक वाढतो, उपयोग वाढत नाही. हा धाक व्यासपीठापुरता राहत नाही. पुढे तो सरकारी नोटिशीपर्यंत येतो आणि माणसाला गप्प बसवतो. म्हणून या शब्दांचा फुगा थोडा जवळून पाहावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम 'क्यू'चीच गोष्ट घेऊ. हे अक्षर इंग्रजी भाषेचे जन्मजात अक्षर नव्हे. जुन्या इंग्रजीत राणीला 'क्वेन' म्हणत आणि तो शब्द 'सी' व 'डब्ल्यू' यांच्या जोडाक्षराने लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, कारभारात फ्रेंच आणि लॅटिन जाणणारे लेखनिक आले आणि त्यांनी आपल्या सवयीनुसार तेथे 'क्यू' व 'यू' बसवले. उच्चार तोच राहिला, लेखन मात्र बदलले. म्हणजे आज इंग्रजीची शान म्हणून ज्या अक्षराकडे आपण पाहतो, ती एका पराभवाची खूण आहे. जेत्याच्या लेखनिकाने राणीचे नाव कसे लिहायचे ते ठरवले आणि प्रजेने ते मुकाट्याने स्वीकारले.

'एक्स्चेकर' हा ९ अक्षरांचा शब्द पाहा. त्यात 'एक्स' आहे आणि 'क्यू'ही आहे. अर्थ राजकोष, सरकारी खजिना. हिशेब मांडण्यासाठी चौकटीचौकटींचे कापड टाकलेले मेज वापरीत. ते बुद्धिबळाच्या पटासारखे दिसे, म्हणून पटाचे फ्रेंच नाव त्या खात्याला चिकटले. त्यातला 'एक्स' तर गैरसमजाने घुसलेला आहे. शब्दाच्या आरंभी लॅटिन उपसर्ग असावा, अशी कल्पना करून तो बसवला गेला. पण बुद्धिबळाच्या या युरोपीय नावांच्या मुळाशी जावे तर फारसी 'शाह' भेटतो. आपण मराठीत 'शह देणे', 'काटशह' म्हणतो तोही तेथूनच आला. इंग्लंडच्या खजिन्याचे नाव आणि आपल्या पारावर रंगणाऱ्या डावातील 'शह' ही एकाच घरची भावंडे आहेत, हे ज्या मुलाला कळले त्याला त्या शब्दाची अक्षरे घोकावी लागणार नाहीत.

दुर्मीळ अक्षरांचे शब्द बहुधा परदेशी पाहुणे असतात. 'केत्झाल' हा मध्य अमेरिकेतील लांब पिसांचा पक्षी. त्याच्या नावात 'क्यू' आणि 'झेड' दोन्ही येतात. ग्वाटेमालाचे चलनही त्याच नावाचे आहे आणि शब्द आला तो अझ्टेकांच्या नावाटल भाषेतून. 'कझीक' म्हणजे वेस्ट इंडीजमधील मूळ रहिवाशांचा नायक. त्याचे अनेकवचन वापरून १९८२ मध्ये मँचेस्टर येथे एका खेळाडूने स्क्रॅबलच्या एकाच चालीत ३९२ गुण मिळवले. ज्या टोळ्यांचा वसाहतवाल्यांनी निर्वंश केला, त्यांच्या नायकाचे नाव खेळाच्या पटावर अजून विक्रमी ठरते. भाषेच्या वहीत असे हिशेब पुष्कळ असतात. 'क्विक्झॉटिक' म्हणजे व्यवहाराचे भान न ठेवता ध्येयामागे धावणारा. १६०५ साली पहिला भाग प्रसिद्ध झालेल्या सर्व्हान्टेसच्या स्पॅनिश कादंबरीच्या नायकावरून तो आला. सीमाभागातील कार्यकर्त्यांना हे विशेषण अधूनमधून लावले जाते, त्यामुळे त्याचा अर्थ आम्हांस शब्दकोश न उघडताही ठाऊक आहे.

आता 'जे' आणि 'क्यू' एकत्र येणारे शब्द घेऊ. असे शब्द फारच थोडे. 'जेक्विरिटी' हा शब्द कोणत्याही स्पर्धेत मुलांची दांडी उडवील. मूळ ब्राझीलमधील तुपी भाषेत. वस्तू कोणती? तर आपली गुंज! लाल अंगाची, काळ्या डोळ्याची, सोनाराच्या तराजूत बसणारी गुंज. ८ गुंजांचा एक मासा आणि १२ माशांचा एक तोळा, हे कोष्टक आपल्या आजोबांच्या पिढीला पाठ होते. ज्या घरात सोने गुंजेने तोलले गेले, त्या घरातील मुलीने 'जेक्विरिटी' शब्द ऐकून घाम पुसावा, यासारखा विनोद नाही.

'जॅकार्ड' हा शब्द तर शहापूर-वडगावच्या विणकरांच्या घरात रोजचा आहे. लिऑनच्या जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साहाय्याने नक्षी विणणारी यंत्रणा सिद्ध केली. पुठ्ठ्यावर छिद्र असेल तेथे आकडा जातो, नसेल तेथे अडतो, आणि त्यानुसार ताण्याचे धागे उचलले जातात. पुढे गणकयंत्रांना आज्ञा देण्यासाठी छिद्रांचीच पत्रे वापरली गेली. आमच्या विणकराला त्या शब्दाची अक्षरे सांगता येणार नाहीत, पण अर्थ त्याच्या हातांत आहे. अक्षरे येणारा आणि अर्थ येणारा यांत विद्वान कोण, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

त्याच कुळातला 'जॅकरी' म्हणजे शेतकऱ्यांचे बंड. १३५८ मध्ये उत्तर फ्रान्समधील कुळांनी सरदारांविरुद्ध उठाव केला. सरदार शेतकऱ्यांना तुच्छतेने 'जाक' म्हणत, म्हणून बंडालाही तेच नाव मिळाले. हिणवण्यासाठी दिलेले नाव इतिहासात बंडखोराचे नाव म्हणून टिकले.

आम्ही स्वतः ज्या वयोगटात आहो, त्यासाठीही इंग्रजीत १५ अक्षरांचा भारदस्त शब्द आहे : 'क्विन्क्वाजेनेरिअन', म्हणजे पन्नाशीतला माणूस. यात 'क्यू' दोनदा येतो. लॅटिनमध्ये पाचाला 'क्विन्क्वे' म्हणतात आणि संस्कृतातील 'पञ्च' त्याचाच सख्खा भाऊ. लॅटिन 'क्वॉट' म्हणजे 'किती', संस्कृतात 'कति'. त्यावरूनच 'कोटा' हा शब्द आला. सभेला लागणारा 'कोरम' म्हणजे मुळात 'ज्यांपैकी'. लॅटिनने जेथे 'क्यू' लिहिला, तेथे आपल्याकडे पुष्कळदा प्रश्नार्थक 'क' आहे : कोण, काय, का, किती. उच्च न्यायालयात मागता येणाऱ्या 'क्वो वॉरंटो' या आदेशाचा अर्थ 'कोणत्या अधिकाराने?' मराठीत त्यास 'क्वाधिकार' म्हणतात, आणि त्यातला संस्कृत 'क्व' हा लॅटिन 'क्वो'च्या नात्यातलाच. तेव्हा 'क्यू'ला भिण्याचे कारण नाही. प्रश्न विचारणारा आपला 'क' तो हाच.

या सर्व उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानात यावी. इंग्रजी मोठी झाली ती शुद्ध राहून नव्हे. तिने पाहुण्यांना घरात घेतले, त्यांच्या अंगावरचे परके कपडेही तसेच राहू दिले. मराठीनेही हेच केले आहे. वकील, दावा, फिर्याद, जामीन हे शब्द फारसी-अरबीने दिले. पाव, बटाटा, चावी, पगार पोर्तुगीजांकडून आले. अण्णा, अक्का आणि ताटातले तूप यांबाबत आपण कन्नडचे ऋणी आहोत. शेजारच्या भाषेशी आमचे वैर नाही आणि कधी नव्हते. मागणी एवढीच की घेणे-देणे समजून-उमजून व्हावे.

आणि येथेच आमच्या व्यवसायाचा संबंध येतो. कायद्याच्या इंग्रजीत 'क्यू'चा सुकाळ आहे. दोन शब्द घ्या : 'ॲक्विझिशन' आणि 'रेक्विझिशन'. दोन्ही ११ अक्षरांचे. पहिली दोन अक्षरे वगळली तर उरलेली ९ अक्षरे तंतोतंत तीच. पण पहिल्यात तुमच्या जमिनीची मालकी कायमची जाते, दुसऱ्यात मालकी तुमचीच राहते आणि ताबा तेवढा काही काळासाठी घेतला जातो. मराठीत आपण पहिल्यास 'संपादन' आणि दुसऱ्यास 'अधिग्रहण' म्हणतो. टंचाईच्या काळात खाजगी विहिरीचे अधिग्रहण होते, विहीर मालकाचीच राहते. परंतु हिंदीत 'भूमि अधिग्रहण' म्हणजे थेट संपादन! ग्वाल्हेरच्या किंवा इंदूरच्या मराठी माणसाने आपल्या मराठीच्या भरवशावर हिंदी नोटीस वाचली, तर जमीन तात्पुरती घेत आहेत अशी त्याची समजूत होईल. कन्नडमध्ये याच क्रियेला 'भूस्वाधीन' म्हणतात. आपल्या कानाला 'स्वाधीन' हा शब्द ताबा देण्यापुरता वाटतो. एकच गोष्ट, तीन भाषांतील तीन शब्द, आणि मधे उभा असलेला शेतकरी. दोन अक्षरांच्या फरकाने सातबारा किंवा उतारा बदलतो, तेव्हा शब्दार्थ हा केवळ भाषाशास्त्राचा विषय राहत नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर हरकत घेण्यास ६० दिवसांची मुदत दिली आहे. ती अधिसूचना दोन दैनिकांत प्रसिद्ध करावी, त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतील असावे, आणि ग्रामपंचायतीत ती स्थानिक भाषेत लावावी, असेही तो कायदा सांगतो. ज्या गावात घरोघरी मराठी बोलली जाते, तेथे 'स्थानिक भाषा' या शब्दांचा अर्थ काय, हा प्रश्न विचारणे म्हणजे कोणाचा उपमर्द नव्हे. ज्याचे शेत जाणार आहे त्याला ते जात असल्याचे समजावे, एवढीच त्यामागील अपेक्षा.

आता ज्या शब्दासाठी हा लेखप्रपंच, तो शब्द : 'ॲक्विएसन्स'. १२ अक्षरे, मधे 'क्यू'. लॅटिन मूळ विश्रांतीचे, स्वस्थ बसण्याचे. कायद्यात अर्थ मूक संमती. आपल्या हक्कावर दुसरा आक्रमण करीत आहे हे माहीत असूनही जो गप्प राहतो, त्याच्या मौनाचा अर्थ संमती असा लावला जाऊ शकतो. मुदतीचा कायदाही याच दिशेने चालतो. दुसऱ्याने मालकी सांगत बळकावलेल्या स्थावराबाबत मूळ मालक १२ वर्षे स्वस्थ बसला, तर सामान्यतः त्याला ताबा परत मागता येत नाही. बांधावर पाळायचा हा नियम भाषेच्या व्यवहारातही दिसतो. न समजलेल्या कागदावर आपण सही करतो, न समजलेल्या शब्दापुढे मान डोलावतो, 'साहेबांनी लिहिले आहे म्हणजे बरोबरच असेल' असे म्हणतो. हीच ती मूक संमती. लांब शब्दाचा धाक माणसाला जमिनीइतकाच जिभेवरूनही बेदखल करतो.

इंग्रजांनी स्वतः हा धाक सोसलेला आहे. नॉर्मन विजयानंतर त्यांच्याच देशातील न्यायालयांत फ्रेंच चालू लागली आणि नोंदी लॅटिनमध्ये होऊ लागल्या. पक्षकाराला आपल्याविषयी वकील काय बोलतो ते कळेना. १३६२ मध्ये तिसऱ्या एडवर्डच्या काळी कायदा झाला की दाव्यांचा युक्तिवाद इंग्रजीत व्हावा, कारण फ्रेंच लोकांना फारशी समजत नाही. गंमत अशी की तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता! कायदा होऊनही वकिलांची फ्रेंच आणि नोंदींची लॅटिन पुढे शतकानुशतके चालू राहिली. शेवटी आणखी एक कायदा करून १७३३ पासून न्यायालयांचे कागद इंग्रजीत आणावे लागले. म्हणजे मायभाषेत न्याय मिळवण्यासाठी खुद्द इंग्रजांना ३७० वर्षे लागली. तेव्हा या मागणीला संकुचितपणा म्हणणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात घ्यावा.

आपली राज्यघटना या बाबतीत मुकी नाही. अनुच्छेद ३४८ ने उच्च व सर्वोच्च न्यायालयांची भाषा इंग्रजी ठेवली हे खरे. पण अनुच्छेद ३५० प्रत्येक व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क देतो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करण्यास राज्यांना सांगतो. १९६२ मध्ये हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयापुढे असा इसम आला की ज्याला स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत देण्यात आली होती. त्याला इंग्रजी येत नव्हते. त्याने हिंदी प्रत मागितली, ती मिळाली नाही. न समजणाऱ्या भाषेतील कागद हाती ठेवणे म्हणजे कारणे कळवणे नव्हे, असे मानून न्यायालयाने ती स्थानबद्धता बेकायदा ठरवली. कळवणे म्हणजे कळेल असे सांगणे, हे तत्त्व त्या निर्णयाने पक्के केले. पण ध्यानात घ्या, त्या माणसाने प्रत मागितली होती. तो गप्प बसला नव्हता.

आपल्याकडेही एक दुर्मीळ अक्षर आहे, 'ळ'. मराठी शब्दाच्या आरंभी ते येत नाही, पण त्याच्यावाचून मराठीचे चालत नाही. कन्नड, तेलुगू, गुजराती आणि कोकणी यांनी ते सांभाळले आहे, त्यामुळे बेळगाव, हैदराबाद, बडोदे आणि गोवा येथे त्याला आसरा मिळतो. प्रचलित हिंदी लेखनात मात्र ते नाही आणि इंग्रजीला ते लिहिताच येत नाही. म्हणून टिळक हिंदीत 'तिलक' होतात आणि इंदूरच्या काळ्यांचे 'काले' होते. शाळेच्या दाखल्यावर एक, मालमत्तेच्या कागदावर दुसरे आणि ओळखपत्रावर तिसरेच नाव असलेले पक्षकार आमच्याकडे येतात, आणि दोन्ही नावांचा इसम एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करता करता त्यांचा जीव मेटाकुटीस येतो. इंग्रजीने पाहुण्यांच्या 'क्यू'ला नि 'झेड'ला जपले. आपण घरच्या 'ळ'ला जपू नये काय?

लांबीबद्दलही एक शब्द. इंग्रजी शब्दकोशांतील सर्वांत लांब म्हणून गाजलेला ४५ अक्षरांचा शब्द १९३५ च्या सुमारास शब्दकोड्यांच्या शौकिनांत मुद्दाम लांब व्हावा म्हणून घडवला गेला. अर्थ काय, तर बारीक धूळ फुप्फुसात जाऊन होणारा रोग. दगडखाणीतल्या मजुराला तो रोग होतो तेव्हा त्याला ४५ अक्षरे नको असतात. त्याला हवे असते साध्या मराठीत कोणीतरी सांगणे, की धुळीपासून तोंड झाक आणि दवाखान्यात जा. शब्दाची थोरवी त्याच्या लांबीत नसून तो ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोहोचण्यात असते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. शब्दलेखन-स्पर्धा जरूर घ्याव्यात, पण प्रत्येक शब्दाबरोबर त्याचा मराठी अर्थ आणि जन्मगाव विचारावे. निम्मे गुण त्याला ठेवावेत. आपल्या मंडळांनी व वाचनालयांनी नोटिशीत, कर्जाच्या कागदांत आणि जमिनीच्या अधिसूचनांत येणाऱ्या अशा शंभरेक शब्दांची मराठी, कन्नड, हिंदी, गुजराती व तेलुगू पर्यायांसह एक छोटी पुस्तिका करावी. घरात कागद आला आणि शब्द अडला, तर सहीपूर्वी तो विचारावा. अधिकाऱ्याला लेखी विचारावा, मराठीत विचारावा आणि पोच घ्यावी.

असे विचारल्याने कोणी अडाणी ठरत नाही. उलट, ज्या मुलीने व्यासपीठावर १५ अक्षरे बिनचूक सांगितली, तिने उद्या आजोबांच्या हातातील नोटीस घेऊन 'आजोबा, यात संपादन लिहिले आहे, अधिग्रहण नव्हे. ६० दिवसांच्या आत हरकत द्यायला हवी' असे सांगितले, तर त्या दिवशी तिला मिळालेले पारितोषिक खऱ्या अर्थाने सार्थकी लागेल.